मनातील मरणाचा विचार डॉक्टरांपुढे उघड बोलण्याविषयी

श्रीमद्भगवद्गीतेच्या पारायणात पहिला अध्याय पुष्कळदा भराभर आटोपला जातो. खरा उपदेश दुसऱ्या अध्यायापासून, अशी समजूत असते. आम्हांस मात्र या लेखापुरते पहिल्या अध्यायातच थांबावयाचे आहे. तेथे अर्जुन आपली अवस्था सांगतो. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगास कंप सुटला, त्वचेचा दाह होतो, उभे राहवत नाही, मन भ्रमते. रोग्याने वैद्यापुढे लक्षणे मांडावी तशीच ही मांडणी आहे. अखेरीस तो म्हणतो की, शस्त्र टाकून बसलेल्या आपणांस कौरवांनी मारले तरी ते अधिक हिताचे होईल. मरण बरे वाटू लागल्याचे हे वाक्य तो लपवीत नाही. त्यावरचे श्रीकृष्णांचे पहिले उत्तर कठोर आहे, हेही खरे. परंतु तेवढ्याने अर्जुन गप्प बसत नाही. तो पुन्हा बोलतो आणि मार्ग विचारतो.

आमचे तीर्थरूप मंदिरात पूजेस असल्यामुळे ग्रहशांती विचारावयास येणारी मंडळी आमच्या ओटीवर बसतात. पत्रिका पाहून झाली, दक्षिणा ठेवून झाली, की उठता उठता कोणी हळूच म्हणते, "गुरुजी, आता सुटावेसे वाटते." हीच व्यक्ती दवाखान्यात गेली म्हणजे झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, एवढेच सांगून औषधाची चिठ्ठी घेऊन परत येते. जे वाक्य भटजींस सांगता येते ते डॉक्टरांस सांगता येऊ नये, याचे आम्हांस फार वाईट वाटते. कारण त्या वाक्यावर इलाज करण्याचे शिक्षण डॉक्टरांचे झालेले असते, आमचे नव्हे.

काही जणांस हा विचार एकदाच येऊन जात नाही. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, येत-जात राहतो. मग माणूस त्याला सरावतो आणि "हे नेहमीचेच" म्हणून सांगण्याचे सोडून देतो. मधुमेहाचा रोगी दर भेटीस साखरेचा आकडा सांगतो; तो नेहमीचाच म्हणून गाळीत नाही. त्याचप्रमाणे हा विचार दर भेटीस सांगावयाचा आहे. गेल्या वेळेपेक्षा तो अधिक वेळा येतो की कमी, रात्री येतो की पहाटे, नुसते "उठूच नये" असे वाटते की काही कृती करावी असे मनात येते, काही ठरविले आहे काय, आणि आजवर कशाने हात आवरला. हे सर्व प्रश्न डॉक्टर विचारतील. असे विचारल्याने नसलेला विचार मनात रुजतो, हा समज संशोधनाने खोटा ठरला आहे. उलट "विचार येतो" आणि "बेत ठरला आहे" यांतील अंतर कळल्याशिवाय डॉक्टरांस उपाय ठरविता येत नाही.

लोक दोन गोष्टींस भितात. पहिली पोलिसांस. मनातील विचार हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाविषयी म्हणावयाचे तर २०१८ साली अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावयास सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ घेतलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा निराळा. दुसरे भय बातमी फुटण्याचे, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असली म्हणजे. रोग्याची माहिती गुप्त ठेवणे हे त्याच कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवास धोका दिसला तर तो टाळण्यापुरते ते इतरांस सांगू शकतात. बोलल्याबरोबर रुग्णालयात डांबतात असेही नाही. बहुतेकांचे उपचार घरी राहूनच होतात.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. डॉक्टर कन्नड बोलणारे, रोगी मराठी, आणि मध्ये दुभाषी म्हणून सासूबाई अथवा दीर. अशा वेळी सून काय बोलणार? तिने "मला पाच मिनिटे एकटीने बोलावयाचे आहे" असे म्हणावे, आणि घरच्यांनी मानापमान न धरता बाहेर बसावे. मराठी जाणणारी परिचारिका मिळते का ते पाहावे. तोंडातून शब्द फुटत नसेल तर घरूनच कागदावर दोन ओळी लिहून न्याव्या. "असले विचार करू नका" एवढेच बोलून कोणी डॉक्टर पुढच्या रोग्यास बोलावू लागले, तर उठू नये. तेच वाक्य पुन्हा म्हणावे. तरीही ऐकले गेले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. आम्हांकडून धारवाडची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था काही फार दूर नाही.

औषधांविषयी थोडे. उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. आरंभीच्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतील मुलामुलींत, हा विचार क्वचित वाढतोही. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. लिथियम घेणाऱ्यांनी निर्जळी उपवासाविषयी आधी विचारावे, कारण अंगातील पाणी कमी झाले की त्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोक्याइतके चढू शकते. एकादशीस पाणी प्याल्याने पाप लागत नाही, असे आमचे तीर्थरूप अशा मंडळींस स्पष्ट सांगतात.

बेत ठरल्याचे कोणी बोलले तर सकाळची वाट पाहू नये. त्या माणसास एकटे न ठेवता, इजा होईल अशा वस्तू दूर करून, त्याच रात्री जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. वाहन येईपर्यंत अथवा नुसते बोलावयाचे असले तरी, सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य लागतो. तेथे मराठीतही बोलता येते.