जुनी गाडी नीट करताना : 'जतन' शिकवूया

'जतन' म्हणजे नवं करणं नव्हे, हे मुलांना कसं सांगाल? मोठ्या अमेरिकन गाड्यांचं उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ गाड्या जोडल्या जात. अशी गाडी आज सापडली तर गंज काढावा, ब्रेक-वायरिंग नीट करावं; पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच ठेवावं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातलीच गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते.

उपक्रम : वडूजमधल्या एखाद्या गॅरेजात मुलांना चेसिस नंबर दाखवा. मग घरातली जुनी वस्तू घेऊन दोन याद्या करायला सांगा : काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं? दुसरी यादी करतानाच मुलं खरा विचार करतात.