सोयाबीन फुलावर येण्याआधी शेवटची कोळपणी उरका

जामखेड तालुक्यातला खर्ड्याचा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे तण पिकाचे खत खातेच, पण त्याहून जास्त नुकसान करते ते ओल पिऊन. पावसाने ओढ दिली की हराळी, केना, माठ हिरवेगार राहतात आणि सोयाबीन दुपारी माना टाकते. म्हणून पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस रान तणमुक्त हवेच.

सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक (एकरी ४०० मिली, २०० लिटर पाण्यातून) फवारायची वेळ पेरणीनंतर १५ ते २० दिवसांची, तण दोन ते चार पानांवर असताना. जमिनीत ओल हवी. वीतभर वाढलेल्या तणावर जास्त औषध ओतून उपयोग नाही. शिवाय त्याचा अंश जमिनीत टिकतो आणि आपल्याला त्याच रानात रब्बीची ज्वारी घ्यायची असते. तेव्हा मात्रा वाढवू नका.

वेळ टळली असेल तर कोळपे धरा. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे आपल्याकडचे जुने बोल खरेच आहेत: तण मरते, वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. पण साधारण ३५ दिवसांनी फुले दिसू लागली की कोळपे बंद. कोळप्याची पास वरच्या थरातली मुळे तोडते आणि फुलगळ होते. एखादे रोप अलगद उपटून पाहा. मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली तर ती नत्र देते आहे, युरिया टाकू नका. फुलोऱ्यानंतर मोठे तण हाताने उपटा, बी धरण्याआधी.

मक्याला मात्र ३० दिवसांच्या सुमारास ओल पाहून युरियाचा हप्ता द्या आणि मातीची भर लावा. पोंग्यात लष्करी अळीची ओली विष्ठा दिसते का, तेही तपासा. तुरा आणि कणसाचे केस येताना पाणी तुटू देऊ नका. विहिरीत थोडेच पाणी असेल तर ते याच वेळेसाठी राखा.

दोन्ही पिके शेजारी असतील तर पंपाकडे नीट लक्ष द्या. मक्यावरचे तणनाशक टेंबोट्रायोन सोयाबीन जाळते, सोयाबीनवरचे इमॅझेथापायर मका खुरटवते. पंप, नळी, नोझल धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात पाऊल टाकू नका आणि वारा सुटलेला असेल तर त्या दिवशी फवारणी थांबवा.