जानेवारीची सीट

"पण तुम्ही बातमी वाचली नव्हती का?" हे मला आत्तापर्यंत सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. वाचली होती. २३ मे २०२३ ला ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी विद्यार्थ्यांच्या कुटुंबांबद्दलचा नियम जाहीर केला आणि त्याच आठवड्यात मी ती बातमी माझा ब्रिटनमधला प्रवेश बघणाऱ्या पुण्यातल्या कन्सल्टन्सीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. उत्तर आलं : "ते पुढच्या वर्षापासून आहे मॅडम. तुमचं सप्टेंबर आहे. डिपेंडंटचं टेन्शन घेऊ नका." तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. आणि त्या दिवशी तो खराही होता.

जुलैत त्यांचाच फोन आला. सप्टेंबरच्या सीटा भरल्यात, जानेवारी घ्या, कोर्स तोच, शिवाय दोन हजार पौंडांची स्कॉलरशिप मिळतेय, भरलेलं डिपॉझिट तिकडे वळतं होईल. "चार महिन्यांनी काय फरक पडतो?" माझा नोटीस पीरियड राहिला होता, लेकीची शाळा नुकती सुरू झाली होती. मी हो म्हटलं. एवढी चूक माझी. पुढची माझी नाही.

डिसेंबरात आम्ही तिघं सांगलीहून पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो, फॉर्म भरायला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन पासपोर्ट. लेकीचा नवाकोरा, फोटोत केस चापून बसवलेले, डोळे रडून लाल. काउंटरवरच्या पोराने माझा पासपोर्ट घेतला आणि उरलेले दोन टेबलावरून परत माझ्याकडे सरकवले. "यांचे लागणार नाहीत." मला वाटलं, त्यांचे फॉर्म नंतर भरत असतील. मी तसं विचारलं. तो उठून काचेच्या केबिनमध्ये गेला. आतून सरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला. पंचवीस मिनिटं ते बोलत होते. लेक तोवर तिथल्या चकचकीत ब्रोशरमधल्या किल्ल्यांची चित्रं मोजत होती.

बाहेर आले ते हसतच. "रूल चेंज झालाय ना. तुम्हाला कल्पना दिली होती." मी मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला, तारीख पाहिली आणि म्हणाले, "हे सप्टेंबरबद्दल आहे." अगदी बरोबर! १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सला नवरा-मुलं नेता येत नाहीत, पीएच.डी., संशोधनाची पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच नेता येतात. माझं साधं, वर्गात शिकवलं जाणारं एमएस्सी. जुलैत सीट हलवताना हे त्यांना ठाऊक होतं, कारण मेमध्ये मीच ती बातमी पाठवली होती. वर सल्ला : "मिस्टरांना व्हिजिटरवर बोलवा की, सहा महिने राहता येतं." व्हिजिटरला काम करता येत नाही, हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही. डिपॉझिट परत मिळालं असतं ते व्हिसा नाकारला गेला तरच, आणि माझा तर मंजूर होणार होता.

मी एकटी गेले. वर्षभर लेकीला मोबाइलवरून झोपवलं. दुसरा धक्का तिथे बसला. कोर्स संपल्यावर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्यावर घरच्यांना आणू, असं आमचं चाललं होतं. पण त्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून तेच येऊ शकतात जे विद्यार्थी असताना आधीच सोबत होते. नोकरीच्या व्हिसासाठी पगाराची अट तोवर ३८,७०० पौंडांवर गेली होती, नवख्यांना थोडी सूट धरूनही माझ्या हाती तसली ऑफर नव्हती. ग्रॅज्युएट व्हिसाची फी तेव्हा ८२२ आणि आरोग्य अधिभार दोन वर्षांचा २,०७० पौंड, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये, तेही पुन्हा एकटं राहण्यासाठी. मी परत आले.

तुम्ही निघाला असाल तर एकच गोष्ट धरून बसा : नियम कुठल्या तारखेला टांगलाय. अर्जाच्या, कोर्स सुरू होण्याच्या, की प्रवासाच्या? माझा कोर्सच्या तारखेला होता. आता ग्रॅज्युएट व्हिसाचंच बघा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळणार आहेत, आणि अर्ज कोर्स पुरा झाल्यावरच करता येतो. म्हणजे जानेवारी २०२६ ला बारा महिन्यांच्या कोर्सला बसलेल्याचे सहा महिने गेले. त्याला कोणी "काय फरक पडतो" म्हणालं असेल का, मला उगाच वाटत राहतं.

कागदपत्रं नीट वाचा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. पण ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचं पान स्वतः वाचा, आणि तारीख बदलली की तेच पान पुन्हा वाचा. कन्सल्टन्सी फुकट आहे म्हणून हुरळू नका. तुम्ही प्रवेश घेतलात की विद्यापीठ त्यांना कमिशन देतं, तुमचं कुटुंब सोबत गेलं की नाही याच्याशी त्या पैशाचा संबंध नाही. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी ईमेलवर लिहून मागा. जुलैतला तो फोन मी लिहून घेतला नाही, याची चुटपुट अजून जात नाही.

अशा कन्सल्टन्सीविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मी गेल्या ऑक्टोबरात सांगलीत केली. समोरच्यांनी अजून लेखी म्हणणं दिलेलं नाही.