आरोग्य पाठ : भाजलेल्या माणसाच्या छातीत गेलेला धूर



माणूस भाजला की आपण कातडी बघतो. किती भाजलं, फोड कुठं आले, एवढंच विचारतो. पण आग बंद जागेत लागली असेल तर मोठा धोका आत, श्वासनळीत असतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली; त्यांतली सात धुराने गुदमरली. त्याच वर्षी २० मार्चला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुराम येथे रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. अशा वसाहतींत आपल्याच घरची मुलं कामाला जातात. म्हणून हा पाठ आम्ही देत आहोत.

धूर काय करतो?

(१) गरम हवेने घसा भाजतो. सूज लगेच दिसत नाही. काही तासांत वाढते. पहिला दिवस जोखमीचा.

(२) काजळी व तिखट वायू खालच्या बारीक नळ्यांना इजा करतात. त्या चिकट स्रावाने तुंबतात.

(३) कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. बोटाला लावायच्या यंत्राला हा फरक कळत नाही. आकडा चांगला दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. फोम, प्लॅस्टिक जळले तर सायनाइडचीही भर पडते.

कसे ओळखावे?

बंद खोलीत अडकला होता का, हे आधी विचारावे. मग पाहावे: भुवया व नाकातले केस करपलेत का, तोंडात काजळी आहे का, थुंकी काळी येते का, आवाज घोगरा झालाय का, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का, गिळायला त्रास होतो का, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो का. यांतले एकही लक्षण असले तर घरी थांबू नये. छातीचा पहिला फोटो स्वच्छ आला तरी निर्धास्त राहू नये. डॉक्टर नळीच्या दुर्बिणीने आत पाहून आणि रक्त तपासून खात्री करतात.

आपण काय करावे?

धुरात आंधळेपणाने शिरू नये. माणसाला मोकळ्या हवेत आणावे, शुद्धीवर असेल तर बसते ठेवावे, १०८ ला फोन करावा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट लावू नये. घसा भाजल्याची शंका असेल तर तोंडाने काही देऊ नये.

दवाखान्यात मास्कने भरपूर ऑक्सिजन देतात. साध्या हवेत रक्तातला तो वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास.

घाट चढण्यापूर्वी

आपल्याकडून मोठ्या इस्पितळात न्यायचे म्हणजे बहुधा कुंभार्ली नाहीतर आंबा घाट. चिपळुणात बोलत असलेला माणूस घाटात घसा बंद होऊन जाऊ शकतो. सूज आल्यावर नळी घालणे अवघड होते. म्हणून आवाज बसलेला असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "डॉक्टरसाहेब, घसा पाहिलात का? नळी इथेच घालावी लागेल का?" नळी म्हटली की नातेवाईक घाबरतात. घाबरू नये. सूज उतरली की ती काढतात.

हा पाठ घरच्या बायामाणसांना व पोरांनाही वाचून दाखवावा, ही विनंती.