पार्टनर, पावती आणि परदेशातली खोली

उस्मानपुरा, औरंगपुरा, खोकडपुरा, नागसेनवनाचा परिसर. छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेल्या मुलांना हा नकाशा पाठ असतो. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून आलेला मुलगा तिघा-चौघांत मिळून रूम करतो, मेस लावतो आणि नळाला पाणी येण्याचा वार लक्षात ठेवून ड्रम भरतो. पार्टनरशी पटलं नाही तर महिनाअखेरीस गादी उचलून दुसऱ्या गल्लीत जातो. लेखी करार क्वचितच होतो. घरमालकाची ओळख आणि तोंडी शब्द यांवर शिक्षण निभावून जातं. हीच मुलं पुढे एमएससाठी जर्मनीला किंवा इंग्लंडला जातात, तेव्हा ही सवयही सोबत नेतात. तिथे ती महागात पडते.

तिकडे वर्ष-दोन वर्षं काढलेली मुलं व्हिडिओ कॉलवर धाकट्यांना सल्ला देतात, तेव्हा प्राध्यापकांपेक्षा घरमालकाबद्दल जास्त बोलतात. घराचं बिनसलं की पहिलं सत्र हातचं जातं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं असतं.

हा त्रास आजचा नाही. 1950 मध्ये छत्रपती संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा आधी हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण मानवलं नाही, म्हणून त्यांनी लवकरच जागा बदलली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे खोलीतले सोबती झाले. ती मैत्री आयुष्यभर टिकली. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब निघाले, तेव्हा पैशांची मदत करणाऱ्यांत भथेना होते. 1921-22 मध्ये बाबासाहेब लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात राहिले. लंडनमधल्या त्यांच्या घरमालकिणीचा हात जेवणाबाबत फार आखडता होता आणि रात्रीच्या अभ्यासात ते पापड भाजून भूक भागवत, असं चरित्रकार सांगतात. किंग हेन्रीज रोडवरचं ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं.

त्याहीआधी, 1883 मध्ये, फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेलेल्या आनंदीबाई जोशींच्या खोलीतली शेकोटी नीट चालत नसे. पेटवली तर धूर कोंडायचा, विझवली तर थंडी.

आज शेकोटीची जागा हीटरने घेतली आहे आणि अडचणीही बदलल्या आहेत. पहिली अडचण विमानात बसण्याआधीच येते. इंटरनेटवर सुंदर फोटो, भाडं बाजारापेक्षा कमी आणि 'मालक' नेमका दुसऱ्या देशात: डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. या साच्यातल्या फसवणुकीत पैसे गेले की परत मिळणं फार अवघड. त्यावर अनुभवी मुलांनी घालून घेतलेला नियम साधा आहे: आपण किंवा त्या शहरातल्या ओळखीच्या माणसाने खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. पाहणारं कुणी नसेल, तर पहिले काही आठवडे हॉस्टेलमध्ये काढावेत. खिशाला चटका बसतो, पण तो मोजता येतो.

जर्मनीत घर म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं. पुढची बरीच सरकारी कामं या नोंदीवर अडून असतात. म्हणून "राहा बिनधास्त, पण पत्ता नोंदवू नका" असं म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं आणि ते तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. विद्यार्थी व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात, पण त्यातून महिन्याला फक्त 992 युरो हाती येतात. डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम द्यायची वेळ आली की ही रक्कम पुरत नाही, म्हणून ते पैसे वेगळे ठेवावे लागतात. रेडिओ-टीव्हीची 18.36 युरोंची मासिक वर्गणी मात्र माणशी नसून घरटी असते. चौघांनी ती चारदा भरायचं कारण नाही.

इंग्लंडमध्ये खरी मेख करारात असते. चौघांनी मिळून एकाच करारावर सही केली, तर साधारणपणे भाड्याची जबाबदारी सामायिक असते. एकजण शिक्षण सोडून निघून गेला तरी त्याचा वाटा उरलेल्या तिघांकडून मागता येतो. शक्यतो प्रत्येकाने आपापल्या खोलीचा स्वतंत्र करार करावा. डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मिळाल्यापासून 30 दिवसांत घरमालकाने सरकारमान्य ठेव योजनेत ठेवायचं असतं. त्याची पावती मागायला संकोच कसला? घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, माफ असतो. एखादा नोकरीवाला पार्टनर आला की बिल येऊ शकतं, म्हणून ते कोण भरणार हे त्याला घरात घेण्यापूर्वीच ठरवावं.

मग रोजचं राहणं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या मुलाला ओल म्हणजे काय ते पावसाळ्यापुरतंच ठाऊक. तिकडच्या हिवाळ्यात तो खिडक्या घट्ट लावतो, आतच कपडे वाळत घालतो, कुकर लावतो. भिंतीवर काळी बुरशी धरते आणि घर सोडताना डिपॉझिट कापलं जातं. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडणं हाच त्यावरचा उपाय. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजतो, म्हणून काहीजण त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवतात. त्याने सगळ्यांचा जीव धोक्यात येतो, शिवाय कारवाई होते ती वेगळीच. जर्मनीत रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकला नाही तर शेजारी थेट दार वाजवतात.

पार्टनर आपल्याकडचेच असावेत की नाही, यावर मुलांत एकमत नाही. मराठी बोलणारा सोबती पहिल्या थंडीत आधार देतो. पण चौघंही मराठी असले, की तिथली भाषा कानावर पडत नाही, आणि मित्राकडे भाड्याचा हिशोब मागायला जीभ रेटत नाही. ओळख असो वा नसो, पहिल्याच आठवड्यात एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: भाडं कोणत्या तारखेला, वीज-इंटरनेटचे पैसे कसे वाटायचे, साफसफाईची पाळी कुणाची आणि पाहुणा किती दिवस. खोलीत शिरल्या शिरल्या भिंती, नळ, गादी, खिडक्यांचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला ईमेल करावेत. डिपॉझिटचा वाद झाला, तर हेच फोटो कामाला येतात.

पालक परदेशी पाठवताना विद्यापीठाची क्रमवारी आणि कर्जाचा हप्ता बारकाईने तपासतात. त्यांनी घराचा करारही मुलाबरोबर बसून ओळन् ओळ वाचावा. आणि विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज ऑफर लेटर हातात पडेल त्याच दिवशी भरावा. जर्मनीतल्या मोठ्या शहरांत त्यासाठीची प्रतीक्षा यादी कित्येक महिन्यांची असते.