गारठ्यात मोटार का थरथरते?

हिवाळ्यात गणेशगुडीस पहाटे गारठा असतो. सुपा जलाशय जवळ, सभोवती रान. रात्रभर अंगणात उभी असलेली मोटार दवाने ओली होते. सकाळी इंजिन सुरू होते खरे, पण खोकलेल्या माणसासारखे अडखळते, गाडी थरथरते, कधी बंदही पडते. पाच मिनिटांनी मात्र सारे सुरळीत! मातोश्रींना दांडेलीस डॉक्टरांकडे न्यावयाच्या दिवशी आमची गाडी अशीच तीनदा बंद पडली. तेव्हा या दुखण्याचे मूळ शोधणे भाग पडले.

प्रथम कारण पाहू. पेट्रोलची वाफ होऊन ती हवेत मिसळली, म्हणजेच ते नीट पेटते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे योग्य प्रमाण. थंड इंजिनात वाफ पुरती होत नाही, म्हणून आरंभी पेट्रोल अधिक द्यावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी मोटार ज्यांनी चालविली, ते याकरिता हाताने चोक ओढीत. आता हे काम संगणक करतो. इंजिन किती थंड आहे, हे त्यास कूलंटच्या तापमानाचा सेन्सर कळवितो. सेन्सरने चुकीचे कळविले, की हिशेब बिघडला.

आता क्रमाने प्रश्न विचारावेत.

१. इंजिन तापल्यावरही थरथर राहते काय? राहत असल्यास प्लग, कॉइल व इंजेक्टर आधी तपासावेत.

२. दमट दिवशीच त्रास वाढतो काय? कॉइलच्या रबरी टोपणास चीर असल्यास ओलाव्यामुळे ठिणगी भलतीकडे जाते. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही पाहावे.

३. इंजिनाजवळ ‘सूं’ असा आवाज येतो काय? मग रबरी नळी फुटून जादा हवा आत शिरत असेल. थंडीत रबर कडक होऊन चीर उघडते. तापल्यावर ती पुष्कळदा मिटते.

४. थ्रॉटलवर काजळी साचली आहे काय? असल्यास ती साफ करवून घ्यावी.

५. कूलंट वरचेवर कमी होते व पांढरा धूर निघतच राहतो काय? मग हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा व गाडी चालवू नये.

सेन्सरची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीस सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी स्कॅनर लावावा. कूलंटचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच दिसले पाहिजे.

आमच्या गाडीचे प्लग दोनदा बदलले, पैसे गेले, दुखणे राहिले. कारण आम्ही गाडी दुपारी, तापलेली असतानाच नेत होतो. ताप उतरल्यावर रोगी दाखविला तर वैद्य तरी काय करणार? शेवटी गाडी रात्री गॅरेजात ठेवली. सकाळी थंड इंजिन असताना स्कॅनरने चक्क ७० अंश दाखविले! सेन्सर बदलला आणि काम झाले.

एक सूचना मात्र विसरू नये. बंद जागेत इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.

तात्पर्य, दुखणे केव्हा येते व केव्हा जाते हे आधी टिपावे. सुटे भाग बदलण्याचा विचार नंतर करावा.