अग्निमांद्य आणि ॲक्युपंक्चर

चार घास खाताच पोट गच्च वाटणे, जेवणानंतर बराच वेळ जडपणा राहणे आणि तरीही दुर्बिणीच्या तपासणीत जठर निर्दोष आढळणे, या अवस्थेला ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणजे रचनेतील नव्हे, तर कार्यातील बिघाडामुळे होणारे अपचन म्हणतात. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधील ज्या नोकरदारांचे रात्रीचे जेवण परदेशातील सहकाऱ्यांच्या वेळेमुळे उशिरापर्यंत लांबते, त्यांच्या मनात ॲक्युपंक्चरचा विचार येणे स्वाभाविक आहे. मात्र जेवणाची वेळ न बदलता केवळ सुयांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

या उपचारात शरीरावरील ठरावीक बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचतात. पचनासाठी सर्वाधिक वापरला जाणारा बिंदू ‘झुसानली’ हा गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या किंचित बाहेरच्या अंगाला असतो. तेथील उद्दीपन मेंदूमार्गे जठराची हालचाल नियंत्रित करणाऱ्या व्हेगस चेतातंतूपर्यंत पोहोचत असावे, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात.

चीनमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा 278 रुग्णांना चार आठवड्यांत बारा वेळा उपचार दिले असता खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात 83 टक्के, तर लटक्या, म्हणजे बिंदू सोडून वरवर सुया टोचलेल्या गटात सुमारे 52 टक्के रुग्णांना आराम वाटला. दुसरा आकडाही दुर्लक्षिण्याजोगा नाही, कारण आरामाचा बराच भाग विश्रांती, वेळ आणि अपेक्षा यांचा असतो, हे त्यावरून उघड होते. तरीही दोहोंतील फरक पाहता पूरक उपचार म्हणून ॲक्युपंक्चर करून पाहण्यास हरकत नाही.

वजन घटणे, काळी शौच, गिळताना अडथळा, वारंवार उलटी किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास आधी पोटविकारतज्ज्ञ गाठावा. मधुमेह, थायरॉईडची मंदता आणि लोहाच्या गोळ्यांसारखी औषधे यांचीही पचनाच्या तक्रारींत भूमिका असू शकते.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, तर बेंगळुरूत निसर्गोपचाराच्या बीएनवायएस पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय शिकवला जात असल्याने उपचारकाची पदवी व नोंदणी विचारून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण किंवा पेसमेकर असल्यास ते आधीच सांगावे आणि एकदाच वापरावयाच्या निर्जंतुक सुयांचे पाकीट आपल्यासमोरच उघडावयास लावावे.